दंडाची पावती, हक्काचा पुरावा

मराठवाड्यातल्या गायरानाच्या वादात सर्वांत मोलाचा कागद कोणता, तर दंडाची पावती. सरकारी जमिनीवर अतिक्रमण केले म्हणून महसूल खाते दंड करते, तो भरला की पावती मिळते, आणि ती पावती वर्षानुवर्षे जपून ठेवावी लागते. उद्या कोणी विचारले, ‘तुम्ही इथे कधीपासून?’ तर सरकारचा शिक्का असलेला दुसरा पुरावा भूमिहीन माणसाकडे बहुधा नसतो. ज्या कागदाने तो अतिक्रमण करणारा ठरला, तोच कागद पुढे त्याच्या बाजूने साक्ष देतो.

या उलट्या न्यायाला इतिहास आहे. गावच्या गुरांना चरण्यासाठी राखलेली जमीन म्हणजे गायरान. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५३ मध्ये मराठवाड्यात, १९५९ मध्ये नाशिक-खानदेशात आणि १९६४-६५ मध्ये देशभर भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना कसायला द्या, ही त्यातली मुख्य मागणी. सत्याग्रह संपले, पण अनेक गावांत दलित कुटुंबांनी गायरानाचे तुकडे कसायला घेतले होते ते सोडले नाहीत. अखेर सरकारनेच वाट काढली. १९७८ च्या शासन निर्णयाने ३१ मार्च १९७८ पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली अतिक्रमणेही त्यात आली. १४ एप्रिल १९९० हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मशताब्दी वर्षाचा पहिला दिवस.

तारीख ठरली की भांडण पुराव्याचे होते. अतिक्रमणांची नोंद ठेवण्यासाठी तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना १-ई असतो. त्यात नाव चढले असेल तर काम सोपे. नसेल तर पीकपाहणीतली नोंद, दंडाची पावती, क्वचित पोलिसांत दाखल झालेला गुन्हासुद्धा पुढे करावा लागतो. नमुना भरणारा तलाठी सरकारचा आणि जमिनीवर दावा सांगणारेही सरकार. जमीन कसणाऱ्यांची जुनी तक्रार अशी, की नाव चढवा म्हणून खेटे घालावे लागतात आणि काढायचे असेल तेव्हा मात्र नोटीस घरपोच येते.

मुळात जमीन ‘सरकारी’ कशी ठरते? महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चे कलम २० सांगते, की रस्ते, नदी-नाले आणि जी जमीन दुसऱ्या कोणाच्या मालकीची नाही ती सगळी राज्याची. म्हणजे मालकी सिद्ध करण्याचे ओझे पहिल्याच पायरीवर नागरिकाच्या डोक्यावर येते. वाद निघाला तर चौकशी करून निकाल देतो जिल्हाधिकारी. तो मान्य नसेल तर दिवाणी न्यायालयात जायला एक वर्षाची मुदत असते, आणि ती चुकली की दावा बाद. कलम ५० अतिक्रमण काढायचा अधिकार देते, तर लगेच पुढचे कलम ५१ तेच अतिक्रमण नियमित करायचाही. एकाच अधिकाऱ्याच्या एका हातात नांगर आणि दुसऱ्या हातात पट्टा, असा हा कायदा आहे.

सरकार हे जमिनीच्या वादात पक्षकार असते, मग त्याने स्वतःच न्यायाधीश व्हावे का? देशभरातल्या अशा खटल्यांचा गाभा हाच प्रश्न आहे. त्याचे पहिले ठळक उत्तर एका धर्मशाळेने मिळवून दिले.

पंजाबात बर्नाळा रेल्वे स्थानकाजवळ पतियाळा संस्थानाची जमीन होती. १९०९ मध्ये एका व्यापारी पेढीने संस्थानाची परवानगी घेऊन तिथे धर्मशाळा बांधली, पुढे मंदिर आणि दुकानेही झाली. पन्नासएक वर्षे कारभार सुरळीत चालला. संस्थान गेले, राज्ये बदलली आणि १९५८ मध्ये पंजाब सरकारच्या अधिकाऱ्यांनी साध्या प्रशासकीय आदेशाने कुटुंबाला बाहेर काढून ताबा घेतला. सरकारचे म्हणणे एवढेच, की जमीन आमची. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकी कोणाची यात शिरायचेच नाकारले. जमीन सरकारची असली, तरी कायद्याचा आधार नसताना केवळ हुकमाने कोणाला बाहेर काढता येत नाही, ही कृती कायद्याच्या राज्याच्या मुळावरच घाव घालते, असे न्यायमूर्तींनी सुनावले.

पण कायद्याचा आधार असेल तर? तहसीलदाराला अतिक्रमण काढण्याचा अधिकार कायद्यानेच दिला असेल तर?

हा पुढचा प्रश्न हैदराबादच्या हबसीगुडा भागातून आला. निजामाच्या सरकारने १९३२ ते १९३७ या काळात उस्मानिया विद्यापीठासाठी बरीच जमीन संपादित केली होती. एका नवाबाच्या ताब्यातले तीन भूखंड त्यात येतात, असे विद्यापीठाचे म्हणणे. १९५६ मध्ये विद्यापीठाने नवाबाविरुद्ध दिवाणी दावा लावला आणि १९५९ मध्ये तो हरला. न्यायालयाला आढळले, की एक भूखंड संपादितच झालेला नव्हता. उरलेले दोन संपादित झाले होते खरे, पण दाव्याआधीच्या बारा वर्षांत ते आपल्या ताब्यात होते हे विद्यापीठाला सिद्ध करता आले नाही. नवाबाचा कब्जा १९४२ पासूनचा होता. उच्च न्यायालयाने जानेवारी १९६४ मध्ये हा निकाल कायम केला.

मग विद्यापीठाने दुसरे दार ठोठावले. मे १९६४ मध्ये त्याने राज्य सरकारला पत्र लिहिले, की आता तुम्हीच हे अतिक्रमण काढा. डिसेंबरात तहसीलदाराने १९०५ च्या जमीन अतिक्रमण कायद्याखाली कार्यवाही करून निष्कासनाचा आदेश काढला. आठ वर्षे न्यायालयात झगडून जे मिळाले नव्हते, ते तहसील कचेरीत काही दिवसांत मिळाले.

१९८२ मध्ये सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी या प्रकरणात लिहिलेला निकाल आजही अशा प्रत्येक वादात वकील पहिल्यांदा काढतात. त्यांनी मांडले, की तडकाफडकी निष्कासनाचा अधिकार ‘सरकारच्या मालकीच्या’ जमिनीपुरता आहे. मालकीबद्दलच खरा, प्रामाणिक वाद असेल तर सरकार आपल्याच बाजूने एकतर्फी निर्णय घेऊन त्या जोरावर माणसाला हुसकू शकत नाही. त्याने दिवाणी न्यायालयात यावे आणि इतर कोणाही पक्षकारासारखी मालकी सिद्ध करावी.

निकालातला बारकावा कब्ज्याच्या वयाबद्दल आहे. माणूस किती वर्षे राहतो आहे यावर वाद संपत नाही. त्याचा दावा प्रामाणिक आहे की नाही, हे महत्त्वाचे. पण फार दिवसांचा कब्जा असेल, तर त्यामागे काहीतरी खरे असावे आणि त्याची निष्पक्ष तपासणी व्हावी, असे प्रथमदर्शनी धरता येते. थोडक्यात, लांबलेल्या वर्षांमुळे जमीन मिळेलच असे नाही, सुनावणी मात्र मिळते. काल ठोकलेली टपरी आणि तीन पिढ्यांचे घर यांना एकाच नोटिशीने काढता येत नाही, ते या तत्त्वामुळे.

वर्षांचा हिशेब कायद्यात वेगळ्याही जागी येतो. दुसऱ्याच्या जमिनीवर उघडपणे, मालकाला न जुमानता बारा वर्षे ताबा ठेवला आणि मालक गप्प राहिला, तर त्याचा दावा मुदतबाह्य होतो. यालाच प्रतिकूल ताबा म्हणतात. सरकारच्या बाबतीत मात्र ही मुदत १९०८ च्या कायद्यात साठ वर्षे होती, १९६३ च्या कायद्याने ती तीस वर्षांवर आणली. तीस वर्षे झाली की घर आपले, असा समज त्यातूनच पसरला. प्रत्यक्षात हे सिद्ध करणे महाकठीण. ‘सरकारने राहू दिले’ असे म्हणणाऱ्याचा ताबा प्रतिकूल उरत नाही, तो परवानगीचा ठरतो. ‘मला नियमित करा’ असा अर्ज करणारा तर सरकारची मालकी स्वतःच मान्य करून बसतो. गायरानाची दंडाची पावतीही त्यामुळे दुधारी आहे. नियमितीकरणाच्या अर्जाला ती लागते, पण तीच पावती पुढे करून मालकीचा दावा सांगणे जड जाते. सार्वजनिक जमिनीवर प्रतिकूल ताब्याचा दावा चालू देऊ नये, असा इशारा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येही दिला.

हाच दावा सरकारने केला तेव्हा काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. हिमाचल प्रदेशात १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी एका निरक्षर स्त्रीची जमीन संपादनाची कोणतीही प्रक्रिया न करता, मोबदला न देता घेतली गेली. ती ऐंशीची झाली तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले, आणि राज्याने आपला प्रतिकूल ताबा झाला आहे असा बचाव केला. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. कल्याणकारी राज्याला नागरिकाची जमीन अशी बळकावता येणार नाही, असे सांगून भरपाई द्यायला लावली.

सरकारला दिवाणी दाव्याची दगदग नकोशी असते आणि त्याला कारणही आहे. दावे पिढ्यान्‌पिढ्या चालतात, तोवर कब्जा बळकट होतो. म्हणूनच सरकारी इमारती आणि जागा यांच्यासाठी वेगळे कायदे झाले. त्यातही एक गमतीदार वळण आले. चंडीगडच्या माउंट व्ह्यू हॉटेलचा भाडेपट्टा संपला आणि सरकारने पंजाबच्या कायद्याखाली तडकाफडकी कार्यवाही सुरू केली. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातले कलम रद्द केले. सरकारसमोर दिवाणी दावा आणि झटपट निष्कासन असे दोन्ही मार्ग खुले आहेत, कोणाला कुठला लावायचा हे त्याच्या मर्जीवर आहे, आणि हा समानतेचा भंग आहे, हे त्यामागचे कारण. संसदेने यावर असा उपाय केला, की १९७१ च्या केंद्रीय कायद्यात दिवाणी न्यायालयाचे दारच बंद केले. भेदभाव गेला, कारण आता सगळ्यांनाच झटपट मार्ग. नोटीस देणारा, म्हणणे ऐकणारा आणि निकाल देणारा संपदा अधिकारी हा सरकारी अधिकारीच असतो, अपील मात्र जिल्हा न्यायाधीशाकडे जाते. पुढे १९७४ मध्ये मुंबईच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा वेगळ्या कार्यपद्धतीला मान्यताही दिली.

रेल्वे आपल्या जमिनींसाठी हाच केंद्रीय कायदा वापरते, आणि त्याचा सर्वांत मोठा कस लागला तो उत्तराखंडातल्या हल्द्वानीत. तिथल्या रेल्वे स्थानकालगत बनभूलपुरा भागात गफूर बस्ती, ढोलक बस्ती, इंदिरानगर अशा वस्त्या आहेत. घरांबरोबर सरकारी शाळा, पाण्याची टाकी, मंदिरे, मशिदीही आहेत. वाद सुरू झाला तो २०१३ मधल्या एका जनहित याचिकेतून, आणि तिचा मूळ विषय होता गौला नदीतले बेकायदा खाणकाम. तिथून धागा रेल्वेच्या जमिनीपर्यंत पोचला. २० डिसेंबर २०२२ रोजी उत्तराखंड उच्च न्यायालयाने आठवड्याची नोटीस देऊन सुमारे २९ एकर जागा मोकळी करण्याचा, गरज पडल्यास बळ वापरण्याचा आदेश दिला. बांधकामे ४,३६५, माणसे पन्नास हजारांच्या आसपास आणि दिवस ऐन थंडीचे.

रहिवाशांचे म्हणणे असे होते, की ही जमीन रेल्वेची नाही, नझूल आहे. सरकारजमा झालेली, गावठाणाबाहेरची किंवा शहरातली जी जमीन सरकार पट्ट्याने देते तिला उत्तरेत नझूल म्हणतात. काहींकडे जुने पट्टे होते, काहींनी फाळणीनंतर लिलावात विकत घेतल्याचे कागद काढले. १९०७ च्या एका सरकारी कागदावर बरीच भिस्त होती. उच्च न्यायालयाने तो केवळ कार्यालयीन टिपण आहे, त्याने जमीन नझूल ठरत नाही, असे म्हटले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी एका कचेरीत लिहिलेल्या कागदाला काय म्हणावे, यावर हजारो कुटुंबांचे भवितव्य टांगले गेले होते.

५ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती संजय किशन कौल आणि न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाने आदेशाला स्थगिती दिली. पन्नास हजार लोकांना सात दिवसांत उखडता येणार नाही, या प्रश्नाला माणसाची बाजू आहे, असे त्यांनी बजावले. जमीन रेल्वेची ठरली तरी तिथे राहणाऱ्या सगळ्यांना एका मापाने मोजता येणार नाही. पट्टा असलेला, लिलावात विकत घेतलेला आणि कसलाच कागद नसलेला यांची पडताळणी वेगवेगळी हवी. जुलै २०२४ मध्ये न्यायालय पुढे गेले. रेल्वेला विस्तारासाठी नेमकी किती जागा लागते, किती कुटुंबे हलतील आणि ती कुठे जातील, याची योजना राज्याने व केंद्राने मिळून आणावी, असे सांगितले.

कागदच नसलेल्यांचा प्रश्न मुंबईला त्याआधी चाळीस वर्षे ठाऊक होता. जुलै १९८१ मध्ये, भर पावसाळ्यात, मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांनी पदपथांवर राहणाऱ्यांना हटवून मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि पदपथवासी न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ चा पाच न्यायमूर्तींचा निकालही चंद्रचूड यांचाच. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे वाक्य त्या निकालाने देशाला दिले आणि ते जगभर उद्धृत झाले. पण याचिकाकर्ते मात्र हरले. पदपथ अडवण्याचा कोणाला हक्क नाही, नोटिशीविना हटवण्याची तरतूदही घटनाबाह्य नाही, फक्त ती अपवादानेच वापरावी, असे ठरले. आयुक्तांनी सुनावणी दिली नव्हती खरी, पण ती आता आम्ही दिली, असेही न्यायालय म्हणाले. पदरात पडले ते असे: ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा उलटून जाईपर्यंत कारवाई नाही आणि १९७६ च्या झोपडपट्टी गणनेत ज्यांची नोंद आहे त्यांना पर्यायी जागा.

त्या १९७६ पासून मुंबईत पात्रतेच्या तारखेचे राजकारण सुरू झाले. १९८०, १९८५, १९९५, २००० अशी ती पुढे सरकत गेली, आणि २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून घर असा टप्पाही आला. शहरातली झोपडी आणि खेड्यातले गायरान यांची तऱ्हा इथे एकच होते. मतदार यादी, रेशनकार्ड, लाईट बिल हेच झोपडीचे सातबारे.

या सगळ्याला दुसरी बाजू आहे आणि ती हलकी नाही. पतियाळा जिल्ह्यातल्या रोहर जागीर गावात तळ्याची जागा भराव घालून बळकावली गेली आणि तिच्यावर बांधकाम झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ जानेवारी २०११ च्या निकालात न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांच्या पीठाने अशा जमिनी मोकळ्या करण्याची योजना सगळ्या राज्यांनी करावी, असा आदेश दिला. फार वर्षांचा कब्जा, त्यावर केलेला मोठा खर्च किंवा राजकीय वजन ही बचावाची कारणे होऊ शकत नाहीत, असे त्यात स्पष्ट आहे. गावचे तळे, चराई, स्मशान हे ज्याच्या मालकीचे शेत नाही त्याला सर्वांत जास्त लागते. धनदांडग्याने गायरानात मंगल कार्यालय उभारले तर शेळ्या राखणाऱ्यालाच रान उरत नाही. म्हणून त्याच निकालात अपवादही आहेत. भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमाती यांना सरकारी निर्णयाने दिलेल्या जमिनी किंवा तिथे असलेली शाळा, दवाखाना यांचा विचार वेगळा करता येईल.

महाराष्ट्राने त्या निकालानंतर १२ जुलै २०११ रोजी शासन निर्णय काढला. पण अपवाद आणि नियम यांची वर्गवारी गावोगाव झालीच नाही. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला तेव्हा सरकारने सांगितलेला आकडा दोन लाख वीस हजारांहून अधिक बांधकामांचा होता. नोटिसा निघू लागल्या आणि गावे हादरली. त्या आकड्यात हॉटेले होती, गोदामे होती आणि दंडाच्या पावत्या सांभाळून बसलेली माणसेही होती.

विदर्भात तर जमिनीचे नावच वादाचे मूळ ठरले. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मध्य प्रांताच्या काळापासून काही पडीक, काटेरी झुडपांच्या जमिनी दप्तरात ‘झुडपी जंगल’ म्हणून लिहिल्या होत्या. गुरे चारण्याची ती रोजची जागा. १९५६ मध्ये हा भाग मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, नाव तसेच राहिले. दरम्यान सरकारनेच तिथे शाळा, कचेऱ्या, घरांसाठी जागा दिल्या. १९८० मध्ये वनसंवर्धन कायदा आला. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी दप्तरात ज्या जमिनीला वन म्हटले आहे ती वनच, असे ठरवले. ‘जंगल’ या एका शब्दापायी सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनीवरचे सगळे बेकायदा झाले. सरकारने स्वतःच दिलेल्या जागेवर राहणारा माणूस सरकारच्याच दप्तराने अतिक्रमणदार ठरला.

२२ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांनी हा गुंता सोडवला. झुडपी जंगल हे वनच आहे, पण १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनींना केंद्राने एकवेळची मंजुरी द्यावी आणि त्यासाठी भरपाईचे वनीकरण मागू नये, असा हा निकाल. २५ ऑक्टोबर १९८० नंतर व्यापारी कामासाठी झालेली अतिक्रमणे दोन वर्षांत हटवायची आहेत. मंजुरीचे प्रस्ताव जिल्ह्याजिल्ह्यातून एकत्र करून जायचे आहेत. त्यासाठी प्रत्येक तुकडा कोणाला, कोणी आणि कोणत्या तारखेला दिला याचा कागद लागतो, आणि तो १९९६ च्या आधीचा असावा लागतो. पूर्व विदर्भातल्या महसूल कचेऱ्यांत जुनी बासने सुटू लागली ती त्यासाठीच.